तीनशे वर्षांपूर्वीचे भाऊजी

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके कुणी पायी पालथे घातले असते, तरी तीनशे वर्षं मागे राहणारा माणूस त्याला एकच सापडला असता, आणि तोही दुपारी एक वाजता आमच्या घरी पानावर बसलेला. हे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी. गावातले बाकीचे लोक भात लावत होते, कापत होते, नोकरीला जात होते, निवडणुकीत भांडत होते आणि विसाव्या शतकाची उरलेली वर्षं संपवत होते. भाऊजी सतराशे-काहीतरी सालात होते आणि तिथे त्यांचं उत्तम चाललं होतं. ते व्हायोलिन वाजवत. पण साधंसुधं नव्हे. जुनं युरोपी संगीत रचलं गेलं तेव्हा जसं वाजत असेल तसंच, तेव्हाच्या तारा, तेव्हाचा गज आणि तेव्हाचा सूर घेऊन वाजवायचं, ही त्यांची विद्या. तिच्यामागे लागलेले मुंबईत दोन-चार जण असतील. किन्हवलीच्या बाजूला, भाताच्या गिरणीत बसून तिच्यामागे लागलेले ते एकटेच. ती गिरणी मी सांभाळायची आणि मला सगळं वहीत लिहून ठेवायची सवय, म्हणून आठवतंय ते जरा क्रमाने सांगते.

सुरुवात नव्वद-एक्क्याण्णवची. तोवर भाऊजी मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे, शेवटून दुसऱ्या ओळीत. मग कीबोर्ड आला आणि तीस जणांचं काम एकच माणूस दोन बोटांनी करायला लागला. मागच्या ओळी आधी घरी गेल्या. भाऊजी एक ट्रंक आणि व्हायोलिनची पेटी घेऊन गावी आले, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, गिरणीत मदत होईल. झालीही, आठ दिवस. नवव्या दिवशी कुणीतरी दिलेल्या पासवर ते मुंबईला एका परदेशी मंडळाचा कार्यक्रम ऐकायला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. आल्या आल्या स्क्रू-ड्रायव्हर मागितला. व्हायोलिनवर हनुवटी टेकवायला काळी वाटी असते ती काढली, खिडकीत ठेवली (पुढे आमच्या सासूबाई तिच्यात सुपारी ठेवू लागल्या) आणि मला म्हणाले, "वहिनी, आपण दोनशे वर्षं चुकीचं वाजवतोय."

"मी नाही हं," मी म्हटलं. "मी तांदूळ काढते."

त्या दिवसापासून त्यांना जो उत्साह चढला तो उतरलाच नाही. गिरणीत भात घेऊन आलेला माणूस नंबर लागेपर्यंत पोत्यावर बसलेला असायचा. त्याला उठून जाता येत नाही हे भाऊजींनी बरोबर हेरलं होतं. पूर्वी व्हायोलिन छातीवर टेकवायचे, सूर आत्तापेक्षा अर्ध्या पायरीने खाली असायचा, आणि बोट थरथरवून सूर हलवायचा नाही, हलवलाच तर भाजीत मीठ घालावं तेवढाच, हे सगळं त्याला उभ्या उभ्या ऐकवायचे. गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात ओरडून सांगत असल्यामुळे ते भांडण वाटायचं. एकदा एक म्हातारा अर्धा तास मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सगलं बरोबर हाय भाऊ. पन माजा तांदूल कदी होनार ते बोला." भाऊजी खूश. "बघितलंत? सगळं बरोबर आहे म्हणाले!"

तारांचं प्रकरण सगळ्यात लांबलं. आत्ताच्या व्हायोलिनला पोलादी तारा असतात. जुन्यांना आतड्याच्या असत, शेळ्यामेंढ्यांच्या. तशा तारा परदेशातून मागवायच्या तर महिने जात आणि आमच्या पावसाळी हवेत त्या पंधरा दिवसांत तुटत. म्हणून भाऊजींनी घरी करायचं ठरवलं. मुरबाडच्या बाजारातल्या खाटकाकडून आतडी आणायची, ती विहिरीपासून लांब धुवायची, राखेच्या पाण्यात भिजवायची, खरवडायची, पीळ घालायचा आणि गिरणीच्या दोन खांबांमध्ये ताणून वाळवायची. त्या आठवड्यात गिरणीला गिऱ्हाईक कमी झालं, एवढंच सांगते. पहिल्या चार तारांपैकी दोन सुकताना तुटल्या, एक जाड झाली आणि चौथी, जी खरोखर गायली असती असं भाऊजी शेवटपर्यंत म्हणत राहिले, ती मांजराने खाल्ली. भाऊजी त्या मांजरामागे दोन दिवस फिरत होते. ते मिळालं असतं तर त्याचं काय केलं असतं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

गज त्या मानाने पटकन झाला. जुना गज बाहेरच्या बाजूला वाकलेला असतो, धनुष्यासारखा. आमच्याकडे कावडीचे दांडे करतात त्या धामणाच्या लाकडाचा त्यांनी गावच्या सुताराकडून करून घेतला. "तरी म्हनतो एवडीशी कावड कोनाची," सुतार म्हणाला. अडलं ते गजाला लावायच्या घोड्याच्या केसांवर. त्याच महिन्यात शहापूरला आमच्या नात्यात लग्न होतं. वरातीत सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि भाऊजी घोड्याच्या मागे मागे, शेपटाकडे एकटक बघत. घोडेवाल्याला त्यांनी काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. पण वरात देवळाशी थांबली तेव्हा घोड्याने एक छोटीशी उडी मारली, नवरदेवाचा फेटा बँडवाल्याच्या ढोलावर पडला आणि भाऊजी रुमालात काहीतरी गुंडाळून घाईघाईने एस. टी. स्टँडकडे जाताना दिसले. नवरदेवाच्या आईने आमच्याशी दोन वर्षं नीट बोलणं टाकलं होतं.

पुढे 'त्या काळी' हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका बसला की जेवणात शिरला. एकदा सासूबाईंनी ठेचा वाढला तर भाऊजी म्हणाले, "आई, मिरची आपली नाहीच. ती बाहेरून आली. त्याआधी आपल्याकडे मिरीच वापरायचे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि ठेचा परत उचलला. "मंग जा त्या काळात जेवायला. भाकर तरी होती का रे तितं?"

सासूबाई तशा मायाळू, पण त्यांचा एक नियम पक्का होता. श्रावणात घरात मांसमच्छी नाही; आणि आतड्याच्या तारा म्हणजे मांसच. "तुजा बाजा ने गिरनीत," त्यांनी पहिल्याच श्रावणात सांगितलं. "गनपती गेले का आन परत." भाऊजींनी वाद घातला नाही. दर श्रावणात ते आपलं बिऱ्हाड गिरणीच्या पडवीत हलवायचे. गंमत अशी की, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. त्या दिवसांत भात येत नाही, त्यामुळे गिरणी जवळजवळ बंद असते. शिवाय कोपऱ्यात तूस साठवलेलं असल्यामुळे तिथे हवा कोरडी. तारा टिकायला लागल्या. आणि दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला घेतलं: गावात पत्र्याखालची मोठी कोरडी जागा ती एकच असल्यामुळे, गौरीच्या नाचाची तालीम करायला वाडीतल्या बायकाही संध्याकाळी तिथेच यायच्या.

त्यांची पुढारीण भिमाआते. साठी उलटलेली, काटक, दिवसभर शेतात वाकून संध्याकाळी नाचायला ताठ. आठजणी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरायच्या आणि भिमाआते गाणं सांगायच्या. भाऊजी कोपऱ्यात आपलं वाजवत बसलेले. पहिले दोन दिवस दोघांनी एकमेकांना आडून आडून टोमणे मारले. तिसऱ्या दिवशी भाऊजी वाजवत होते ती चाल तीन-तीनच्या ठेक्यातली होती. त्यांच्या त्या जुन्या संगीतात अर्ध्याहून जास्त तुकडे नाचाचेच. फेर त्यात आपोआप शिरला. दोन आवर्तनं झाली नाहीत तोच बायकांची टक्कर होऊन सगळं कोसळलं आणि हशा पिकला.

"पोरा, धावतोस कशाला?" भिमाआते म्हणाल्या. "मागं कुत्रा लागलाय का?"

"पुस्तकात वेग हाच दिलाय आते."

"पुस्तकाला पाय हायेत का? पाय खाली आला का अंग वर उचलतं. तवा जरा थांबायचं. मंग दुसरा. आमी काय मशिन हाय?"

भाऊजी उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं होतं की मला वाटलं, आता हे आतेंच्या पाया पडतात. पडलेच. मग पुढचे पंधरा दिवस त्यांनी पुस्तकं मिटून ठेवली. ते वाजवायचे, बायका नाचायच्या, आणि जिथे पाय अडखळेल तिथे भाऊजी थांबून आपलं दुरुस्त करायचे. "वहिनी, युरोपात हे नाच नाचणारं आता कुणी उरलं नाही," ते मला धावत येऊन सांगायचे. "सगळे कागदावरून अंदाज करतात. माझ्याकडे आठजणी आहेत!" असे चार-पाच श्रावण गेले. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्या वर्षांत माझे पाय पाखडता पाखडता आपोआप हलायला लागले होते, एवढं वहीबाहेर कबूल करते.

मग ते पत्र आलं. हॉलंडमधल्या एका संगीतशाळेत ही विद्या शिकवत. दोन वर्षांची जागा, राहण्याजेवणासकट. पण अर्ज करणाऱ्याचं वय पस्तिशीच्या आत हवं. भाऊजींना फेब्रुवारीत पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही. सप्टेंबर संपायच्या आत वाजवण्याची कॅसेट तिथे पोचायला हवी होती. "नाय झालं तर?" सासूबाईंनी विचारलं. "नाही झालं तर व्हायोलिन ट्रंकेत आणि मी गिरणीत," भाऊजी स्वतःहून म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली, पण त्या रात्री जेवल्या नाहीत.

रेकॉर्डिंगचं मी अंगावर घेतलं. शहापूरहून लग्नाचं शूटिंग करणारा एकजण चांगला माइक घेऊन यायचा होता, आणि गाव तासभर गप्प करायचं होतं. मी आवाजांची यादी केली, बावीस निघाले. कोंबडे डालग्याखाली. गणपती मंडळाचा कर्णा बंद. वळणावर हॉर्न देणाऱ्या पावणेअकराच्या एस. टी.च्या ड्रायव्हरला आदल्या दिवशी डबा. शेजारचा पाटा-वरवंटा, हातपंप, सासूबाईंचा खोकला (त्या स्वतः उठून माळावर जाऊन बसल्या). पावसापुढे मी फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि काय सांगू, त्या दिवशी बरोबर अकराला आमचं गाव जे गप्प झालं, तसं ते कधी झालं नव्हतं. लोक उंबऱ्यात बसून राहिले. रस्त्यातला एकजण सायकलवरून उतरून तिथेच उभा राहिला. भाऊजींनी वाजवलं. एक चूक नाही, एक खाकरणं नाही. शूटिंगवाला म्हणाला, "एक नंबर! थोडा एको टाकू?" मी आनंदाने यादीवर बरोबरच्या खुणा करत सुटले.

भाऊजींनी मात्र गज खाली ठेवला. "बरोबर आहे वहिनी," ते म्हणाले. "पण नाचत नाहीये." आणि मी काही बोलायच्या आत ते बाहेर जाऊन भिमाआतेंना आणि बाकीच्या सातजणींना हाक मारून आले. मी बावीस आवाज बाहेर घालवले होते. भाऊजींनी सोळा पाय, शंभरभर बांगड्या आणि जोडवी आत घेतली. दुसरी कॅसेट झाली. त्यात पाय धपधपत होते, बांगड्या वाजत होत्या, मध्येच भिमाआतेंचं "हां, आता!" होतं आणि शेवटी पत्र्यावर पाऊस. वाजवून झालं तेव्हा भाऊजी घामाने निथळत हसत होते. "ही पाठवा," ते म्हणाले. "हीच."

आमचे हे दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन पाकीट टाकणार होते. पाकीट मी भरलं. दोन कॅसेटी समोर होत्या, एक नंबर आणि दोन नंबर. मला दिसत होती ती तिथली मोठी माणसं, हातात पेन घेऊन बसलेली, आणि त्यांच्या कानावर आमच्या गिरणीतली धपधप. एकच संधी, आणि ती अशी घालवायची? मी एक नंबर घातली, पाकीट चिकटवलं आणि कुणाला बोलले नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात कधी घालवले नसतील असे घालवले. भाऊजींनी गावभर सांगितलं होतं की आपल्या बायकांचे पाय हॉलंडला गेले. भिमाआते तांदूळ न्यायला आल्या की विचारायच्या, "पोचले का गो आमचे पाय?" मी मापाकडे बघत म्हणायची, "पोचतील." बाकीच्या सातजणी चेष्टा करायच्या. "आतेच्या पायाला तितं थंडी वाजल, मोजे पाठव." सगळ्या हसायच्या. मीही हसायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची.

पत्र आलं. जागा मिळाली नव्हती. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या: तुम्ही फार स्वच्छ आणि नेमकं वाजवता, पण हे नाच आहेत आणि यावर कुणी नाचेल असं वाटत नाही. भाऊजींनी ते तीनदा वाचलं. "पाय ऐकू आले नाहीत त्यांना?" ते मला विचारत होते, अगदी खरंच कोड्यात पडून. मग मला सांगावंच लागलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पत्राची घडी घालत म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी अख्खं गाव गप्प केलंत वहिनी. ती पहिली कॅसेट मागे ठेवायला तुमचं मन होणार नव्हतं." मग आत गेले आणि व्हायोलिनच्या चारही तारा उतरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते गिरणीत हजर, पट्ट्याला तेल घालत. भात आणणाऱ्यांना ते काहीच सांगत नव्हते. आठव्या दिवशी तो तांदूळवाला म्हाताराच मला म्हणाला, "भाऊ आजारी हाय का?"

त्याच दुपारी मी त्या बाईंना पत्र लिहिलं. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं माझं इंग्रजी. त्यात मुद्देच लिहिता येतात. एक, चूक माझी आहे, त्यांची नाही. दोन, खरी कॅसेट सोबत आहे. तीन, यात जे आवाज आहेत ते पाय आहेत. चार, ते पाय काढू नयेत. पाच, वाढदिवस फेब्रुवारीत आहे, तेव्हा घाई करावी. आणि स्वतः कल्याणला जाऊन ते स्वतःच्या हाताने टाकलं. घरी सांगितलं, साडीला फॉल लावायला गेले होते.

सतरा दिवसांनी गिरणीतला फोन वाजला. सुगीचे दिवस, दोन्ही यंत्रं चालू, पोत्यांची रांग रस्त्यापर्यंत. पलीकडून एक बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि मला 'पॅडी' म्हणजे भात, हा एकच शब्द कळला असं वाटलं. नंतर कळलं, तोही नव्हता. "पट्टा काढा!" मी ओरडले. "हॉलंड आहे! पट्टा काढा!" कुणीतरी पट्टा काढला. सगळी रांग दारात जमली. बाई विचारत होत्या, हे नाचणारे कोण? मी सांगितलं, आमच्या गावच्या बायका आहेत, शेती करतात, पुढारीण साठीच्या वरची आहे. मग त्या म्हणाल्या, एक माणूस आलेला नाही, जागा रिकामी आहे, जानेवारीत या. आणि पाय खाली आल्यावर तुम्ही जे जरा थांबता, ते थांबणं आम्ही वीस वर्षं शोधतोय. हे शेवटचं मी दोनदा बोलायला लावलं आणि मोठ्याने मराठीत सांगितलं. रांगेत भिमाआते होत्याच, पायलीभर भात घेऊन. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग बाजूला केला आणि भाऊजींच्या पाठीत एक धपका घातला. "बग. कुत्रा नव्हता मागं." भाऊजी भाताच्या पोत्यावर बसले आणि आमचे हे, जे भावाशी वर्षातून तीन वाक्यं बोलायचे, त्यांनी त्याच्या अंगावरचं तूस झटकायला सुरुवात केली आणि झटकतच राहिले.

भाऊजी गेले. दोन वर्षांची चार झाली, मग तिथल्याच एका मंडळात त्यांना कायमची जागा मिळाली. जुन्या दगडी चर्चमध्ये वाजवतात, गावोगाव फिरतात. फोटो येतात, त्यात ते छातीवर व्हायोलिन टेकवून उभे, केस मागे गेलेले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतात, बहुतेक थंडीत, पंधरा दिवसांसाठी. माझी चूक त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. मी काढू लागले तर तिथल्या एस. टी.ची वेळ किती पक्की असते ते सांगू लागतात.

पण मला आठवतो तो ते गेल्यानंतरचा पहिलाच श्रावण. बायका तालमीला गिरणीत आल्या. बाहेर झड लागली होती, आत दिवा लावावा लागला. आठजणींनी कमरेला हात घातले, फेर जुळला आणि एक पाय उचलून सगळ्या उभ्या राहिल्या. गाणं भिमाआतेंनीच सुरू करायचं होतं, त्यांच्याच आईकडून त्यांना आलेलं. पण त्याही पाय उचलून, मान जरा भाऊजींच्या कोपऱ्याकडे वळवून उभ्याच. मी दारात हिशेब करत होते तो थांबवला. मग धाकट्या एकीने हळूच विचारलं, "आते, सुरू करायचं ना?"

"हो गो," भिमाआते म्हणाल्या. "करू. जरा थांब."